सर्व्हर पडला की घाईत होणाऱ्या चुका, या टाळा

सर्व्हर बंद पडणं, डिस्क फुल होणं, डेटाबेस लटकणं हे या धंद्यात कोणालाच चुकलेलं नाही. पण मी आजवर जेवढे मोठे राडे जवळून बघितले त्यातले बहुतेक सुरवातीला मोठे नव्हतेच, बिघाड छोटासाच होता, मग घाबरून कोणीतरी काहीतरी केलं आणि तो फुगला. इंदूरला त्यात आमचं आणखी एक आहे, रंगपंचमीला इथे गेर (रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक) निघते, राजवाड्याकडचे सगळे रस्ते पॅक, गावात लोकल सुट्टी, पण क्लायंट बंगळुरूचा नाहीतर अमेरिकेचा, त्याला काय रंगपंचमी, त्याचा सर्व्हर त्या दिवशी पण चालूच हवा. मग ऑन-कॉलवरचा (त्या दिवशी बिघाड बघायची पाळी असलेला) एकटा पोरगा हाताचा रंग पुसत हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडतो, फोनवर तीन जण "क्या हुआ, क्या हुआ" करत असतात, आणि अशा वेळी माणूस काय करतो? जे सगळ्यात सोपं वाटतं तेच करतो.

"दादा, रीस्टार्ट मारू का?"

हा प्रश्न विचारणारा तरी बरा, बरेच जण विचारत पण नाहीत. रीस्टार्टने कधी कधी काम होतं हे खरं आहे, म्हणूनच ती सवय सुटत नाही. पण रीस्टार्ट केलं की लॉक (डेटावरचं तात्पुरतं कुलूप) कोणी धरून ठेवला होता, कनेक्शन किती होती, मेमरी कोण खात होतं, हे सगळं पुसलं जातं, आणि दोन तासांनी तोच प्रॉब्लेम परत आला की तुम्ही परत शून्यावर. म्हणून आधी दोन मिनिटं काढा, टॉप आणि पीएसचं (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांड) आउटपुट, डीमेसेजच्या म्हणजे कर्नलच्या मेसेजच्या शेवटच्या ओळी (मेमरी संपली की लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस मारतो, त्याने डेटाबेसच मारला असेल तर ते तिथेच सापडतं), चालू क्वेऱ्यांची यादी म्हणजे मायएसक्यूएल असेल तर शो फुल प्रोसेसलिस्ट, पोस्टग्रेस असेल तर पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी, हे सगळं एका फाईलीत ओता आणि मग काय ते करा.

एक केस तर अशी आहे की रीस्टार्टने हमखास उलटं होतं. कोणीतरी भलामोठा अपडेट चालवला, तो तासभर चालला, मग वैतागून किल केला. आता डेटाबेस तो रोलबॅक करतोय (अर्धवट बदल मागे घेतोय), त्याला वेळ लागतोय, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हँग झालाय. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) तुम्ही इथे सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तरी रोलबॅक काही माफ होत नाही, तो वर आल्यावर पुढे चालूच राहतो, वर क्रॅश रिकव्हरीचा वेळ लागतो आणि बफर पूल (मेमरीत ठेवलेला डेटा) रिकामा झाल्याने बाकीच्या क्वेऱ्या पण रडत चालतात. इथे गप्प बसून वाट बघणं हाच उपाय आहे, कितीही जीवावर आलं तरी.

आणि चुकून डेटाबेसची फाईलच उडवली असेल तर? तर प्रोसेस बंद करूच नका! लिनक्समध्ये प्रोसेसने फाईल उघडी धरली असेल तोवर ती डिस्कवर असतेच, फक्त नाव गेलेलं असतं, प्रोकच्या खाली त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) एफडी फोल्डरमध्ये ती दिसते. ॲपकडून येणारे राइट थांबवायचे आणि तिथून कॉपी काढायची, जमू शकतं. पण सर्व्हिस एकदा थांबली की फाईल खरोखर गेली.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी वेगळं सांगतो, एखादं सेशन अडकलं म्हणून शेलमधून किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) देऊ नका. एका बॅकएंडला (एका कनेक्शनची प्रोसेस) तसा मारला की पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) समजतो शेअर्ड मेमरी खराब झाली असेल, आणि तो सगळ्यांचीच कनेक्शनं तोडून रिकव्हरीला बसतो. पीजी_कॅन्सल_बॅकएंड (फक्त क्वेरी थांबवतं) आधी, नाही ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड (सेशनच तोडतं). आणि मारताना नीट बघा कोणाला मारताय, कारण लॉकच्या भानगडीत चोर सोडून संन्याशाला फाशी हा प्रकार फार होतो. लिस्टमध्ये पन्नास क्वेऱ्या वाट बघताना दिसतात, लोक त्याच एकेक करून मारत बसतात, आणि खरा आरोपी म्हणजे आयडल इन ट्रान्झॅक्शन लिहिलेलं एक शांत सेशन असतं, कोणीतरी बिगिन करून (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून) चहाला गेलेलं. त्यात कोणी ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) सोडून दिलं असेल तर ते त्या सेशनच्या मागे उभं राहतं आणि ऑल्टरच्या मागे साधे सिलेक्ट पण रांगेत लागतात, मग ॲपवाले नवीन कनेक्शनं उघडत राहतात आणि मर्यादा संपते, पोस्टग्रेसला डिफॉल्ट १००, मायएसक्यूएलला १५१. तेव्हा मर्यादा वाढवणं हा इलाज नाही, रांग फक्त लांब होते.

डिस्क फुल, आणि डिलीटची घाई

हे सगळ्यात जास्त वेळा होणारं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं, त्यामुळे जरा सविस्तर.

पोस्टग्रेसमध्ये पूर्वी एक फोल्डर होतं, पीजी_एक्सलॉग नावाचं. डिस्क भरली की लोक बघायचे सगळ्यात मोठं काय आहे, नावात लॉग दिसलं की म्हणायचे लॉगच तर आहेत, उडवा. ते साधे लॉग नव्हते, तो राइट-अहेड लॉग (वॉल) होता, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी केलेली नोंद, तो गेला की डेटाबेस उठतच नाही. असं इतक्या लोकांनी केलं की २०१७ साली आलेल्या १०व्या व्हर्जनमध्ये त्यांनी फोल्डरचं नावच बदलून पीजी_वॉल केलं, आणि पीजी_क्लॉगचं पीजी_एक्सॅक्ट. तरीपण लोक उडवतातच ना. ते फोल्डर फुगलंय म्हणजे ते साफ होत नाहीये, आणि त्याला कारण असतं: एकतर आर्काइव्ह कमांड (त्या फाईली दुसरीकडे साठवणारी) फेल होतेय, नाहीतर एखादा रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकाला लागणारे लॉग राखून ठेवणारी नोंद) आहे ज्याचा रेप्लिका (डेटाबेसची सतत अपडेट होणारी प्रत) कधीच बंद करून टाकलाय आणि स्लॉट तसाच राहिलाय, तो जुनी फाईल सोडूच देत नाही. तो स्लॉट काढला की चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरले की) जागा आपोआप मोकळी होते. १३व्या व्हर्जनपासून स्लॉटवर मर्यादा घालता येते पण डिफॉल्टला ती नसते, घालून ठेवा.

ओरॅकलमध्ये ओआरए-००२५७ आला म्हणजे आर्काइव्हची जागा संपली, इथे लोक आरएमने फाईली उडवतात, जागा होते पण आरमॅनला (ओरॅकलचं बॅकअप टूल) पत्ताच नसतो, त्याच्या हिशोबात जागा भरलेलीच. आरमॅनमधून बॅकअप घेऊन आरमॅनमधूनच डिलीट करा, आणि हाताने उडवून बसला असाल तर क्रॉसचेक चालवून एक्सपायर्ड (गायब फाईलींच्या नोंदी) काढा, आणि मग लगेच एक फुल बॅकअप घ्या कारण मधली साखळी तुटलीये. मायएसक्यूएलच्या बिनलॉगला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाईली) पण तसंच, पर्ज बायनरी लॉग्ज आहे ना त्यासाठी, आणि त्याआधी रेप्लिका कुठवर पोचलाय ते बघा.

बरं, फाईल उडवली तरी डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) जागा वाढली नाही, हे पण नेहमीचं. पोरं मग अजून उडवतात. अरे थांबा, वर सांगितलं तेच, कोणीतरी प्रोसेस ती फाईल धरून बसलीये, एलएसओएफला प्लस एल१ लावून बघा, डिलीट झालेल्या पण उघड्या फाईली दिसतील. चालू लॉग फाईल डिलीट करायचीच नसते, ट्रंकेट करायची (फाईल तशीच ठेवून आतून रिकामी). आणि डीएफ म्हणतंय जागा आहे पण फाईल बनत नाहीये तर डीएफ -आय करून बघा, आयनोड (प्रत्येक फाईलीला लागणारी नोंद) संपलेले असतात, बहुतेक कुठल्यातरी सेशन फोल्डरमध्ये लाखो बारक्या फाईली साचलेल्या असतात.

अगदीच नाकातोंडात पाणी गेलं तर एक युक्ती: लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमचा मुख्य युजर) राखीव ठेवते, डेटाच्या पार्टिशनवर ती ट्यून२एफएसने तात्पुरती कमी करता येते, श्वास घ्यायला जागा मिळते आणि काही डिलीट करावं लागत नाही. काही लोक आधीच दोन-चार जीबीची बिनकामाची फाईल टाकून ठेवतात, आणीबाणीत तीच उडवायची. मला ही आयडिया फार आवडते, बावळट वाटते पण कामाची आहे.

चुकीची खिडकी

गिटलॅबचं (कोड ठेवायची सेवा) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण माहीत नसेल तर त्यांचा रिपोर्ट जरूर वाचा, त्यांनी काही लपवलेलं नाही. रेप्लिकेशन मागे पडलं होतं, रात्री उशिरापर्यंत काम चालू होतं, एका इंजिनिअरला दुसऱ्या नंबरच्या सर्व्हरचं डेटा फोल्डर साफ करायचं होतं आणि कमांड चालली प्रायमरीवर (मुख्य डेटाबेसवर). एक-दोन सेकंदात त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. त्यापुढचं जास्त भयानक आहे: बॅकअप आणि रेप्लिकेशन मिळून पाच पद्धती होत्या, कामाची एकही निघाली नाही. पीजी_डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारं टूल) तर ९.२ चा चालत होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता, आणि फेल झाल्याच्या मेल डीमार्कमुळे (पाठवणारा खरा आहे ना हे तपासणारी पद्धत) नाकारल्या जात होत्या म्हणून कोणाला कळलंच नाही. शेवटी योगायोगाने कोणीतरी सहा तास आधी स्टेजिंगसाठी (चाचणीच्या सर्व्हरसाठी) एक एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) हाताने घेतला होता, त्यावर निभावलं, मधला सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

आता यावर "काळजीपूर्वक काम करा" असं सांगणं फुकट आहे, रात्री बारा वाजता कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. त्यापेक्षा प्रोडक्शनच्या टर्मिनलला लाल रंग द्या, प्रॉम्प्टमध्ये होस्टनेम पूर्ण दिसू द्या, उडवायच्या ऐवजी फोल्डरचं नाव बदला (एमव्ही परत फिरवता येतं, आरएम नाही). डिलीट किंवा अपडेट करायच्या आधी तीच व्हेअर (कुठल्या रो ते ठरवणारी अट) लावून सिलेक्ट काउंट, मग बिगिन, मग अपडेट, किती रो बदलल्या तो आकडा जुळला तरच कमिट. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक कमांड आपोआप कमिट होणं) चालू असतं हे विसरू नका, आणि मायएसक्यूएल असो की ओरॅकल, मध्ये ऑल्टर किंवा ट्रंकेट आलं की आधीचं सगळं कमिट होऊन जातं. मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ-अपडेट्स नावाचा ऑप्शन आहे, इंडेक्सची की वापरणारा व्हेअर किंवा लिमिट नसेल तर तो अपडेट-डिलीट चालवतच नाही. त्या ऑप्शनचं दुसरं अधिकृत नाव आय-ॲम-अ-डमी आहे, खरंच! ओरॅकलमध्ये चुकीचा कमिट झालाच तर फ्लॅशबॅक क्वेरीने जुना डेटा वाचता येतो, पण अंडो रिटेन्शन (जुना डेटा ठेवायची मुदत) डिफॉल्टला ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, त्यापुढे मिळेलच याचा भरवसा नाही, तेव्हा मॅनेजरला काय सांगायचं याचा विचार नंतर करा, आधी डेटा बाजूच्या टेबलात काढून घ्या.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही

हे क्लायंटला पण समजावून समजावून थकायला होतं. चुकीचा डिलीट एका सेकंदात रेप्लिकावर पण पोचतो, इमानदारीने. आणि बॅकअप तोच ज्याचा रिस्टोर कोणीतरी करून बघितलाय, नाहीतर ती नुसती मोठी फाईल.

रिस्टोर करताना सगळ्यात वाईट चूक म्हणजे बिघडलेल्या डेटावरच रिस्टोर मारणं. बॅकअप अर्धवट निघाला तर दोन्ही गेलं. बिघडलेलं डेटा डिरेक्टरी आधी जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा, जागा नसेल तर नवीन डिस्क लावा, क्लाउडवर दहा मिनिटांचं काम आहे. इनोडीबी फोर्स रिकव्हरीचं (खराब झालेला डेटाबेस जबरदस्तीने उठवायची सेटिंग) पण तसंच, १ ते ६ आकडे आहेत, लोक नेटवर वाचून थेट ६ टाकतात. १ पासून सुरू करा, ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो, आणि तो आकडा लावून डेटाबेस उठला म्हणजे बरा झाला असं नाही, लगेच डंप काढा आणि नवीन इन्स्टन्सवर घाला.

फेलओव्हरची (प्रायमरी पडल्यावर दुसऱ्याला प्रायमरी करण्याची) घाई पण अशीच. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं (हीपण कोड ठेवायची सेवा) नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं होतं, तेवढ्यात त्यांच्या सिस्टिमने आपोआप अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा डेटाबेस प्रायमरी केला, दोन्हीकडे वेगवेगळे राइट झाले, आणि ते निस्तरायला २४ तास ११ मिनिटं गेली. जुना प्रायमरी खरोखर बंद आहे ना, हे बघितल्याशिवाय नवीन उचलू नका.

माणसांचा गोंधळ

पाच जण एकाच वेळी लॉगिन करून पाच वेगळ्या गोष्टी बदलतायत, मग बरं झालं तरी कशाने झालं कोणालाच माहीत नाही. एकाने कमांड द्यायची, एकाने वेळ टाकून लिहीत जायचं, एकाने क्लायंटशी बोलायचं, आणि बाकीच्यांनी खाली जाऊन पोहे खावेत, मी सिरियसली सांगतोय. लिहिणाऱ्याने यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) आणि आपली वेळ दोन्ही टाकावी, सर्व्हरचे लॉग यूटीसीत असतात आणि साडेपाच तासांच्या फरकात लोक भलत्याच तासाचे लॉग वाचत बसतात. क्लायंटला "पाच मिनटात होतंय" सांगू नका, "पुढचा अपडेट साडेनऊला देतो" सांगा आणि साडेनऊला द्या, काही नसलं तरी.

रनबुक (बिघाडात काय करायचं त्याच्या लिहिलेल्या पायऱ्या) आणि पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या विकीत ठेवलेत का ते पण आजच बघा. फेसबुक ४ ऑक्टोबर २०२१ ला सहाएक तास बंद होतं तेव्हा त्यांचे स्वतःचे आतले टूल्स पण त्याच नेटवर्कवर असल्याने अडकले होते, आपण तर छोटी माणसं.

आणि सगळं हिरवं झालं की लगेच तिकीट बंद करून झोपू नका. बंद केलेले क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) परत चालू केले का, रेप्लिका खरंच पकडतोय का, आज रात्रीचा बॅकअप लागणार आहे का, घाईत उघडलेला फायरवॉलचा पोर्ट बंद केला का, ट्यून२एफएसने कमी केलेली राखीव जागा परत ५ वर आणली का, मॉनिटरिंगचा म्यूट काढला का. हा म्यूट तर हमखास राहतो.