कोच लावताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

मुलाला दहावीचा क्लास लावताना मुंबईतले पालक चार ठिकाणी चौकशी करतात, डेमो लेक्चरला बसवतात, फीचे हप्ते पाडून घेतात. तीच माणसं स्वतःसाठी कोच (बोलण्यातून आणि प्रश्नांतून आपलं वागणं बदलायला मदत करणारा लाइफ कोच) लावताना मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघून पूर्ण पॅकेजचे पैसे भरून मोकळी होतात. तीन महिन्यांनी ‘बोलून बरं वाटलं, पण बदललं काही नाही’ अशी तक्रार येते. त्यात कोचचा दोष असतोच असं नाही. काम काय करायचं हेच ठरलेलं नसतं, आणि सगळा भर त्या तासाभराच्या गप्पांवर राहतो.

आधी हे तपासा

कोच उपचार करत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, छातीत धडधडून घाबरायला होत असेल, दारू वाढली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून थेट दाखवता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था याच क्षेत्रात काम करते. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर सेशन, अपॉइंटमेंट असलं काही न बघता त्याच दिवशी मदत घ्यायची. उपचार चालू असतील तर कोच लावायला हरकत नाही, फक्त डॉक्टरांना आणि कोचला दोघांनाही ते माहीत असू द्या.

दुसरा गोंधळ मार्गदर्शकाशी होतो. दुकान कसं वाढवायचं, परदेशी शिक्षणासाठी अर्ज कसा करायचा, ही माहितीची कामं आहेत. त्यासाठी त्या वाटेने गेलेला माणूस गाठा. काय करायला हवं हे तुम्हाला कळतंय, पण हातून होत नाही, अशा जागी कोचचा उपयोग होतो.

एक पान लिहा

कोचला फोन करण्याआधी अर्धा तास काढून एक पान लिहा. ‘आत्मविश्वास वाढवायचा’, ‘स्वतःवर काम करायचं’ असली वाक्यं लिहिलीत तर खोडा. प्रसंग लिहा. कुठे, कोणासमोर, किती वाजता, तुम्ही काय करता, त्याची किंमत काय पडते, आजवर काय करून पाहिलंत. शेवटी एक प्रश्न: हे बदललं तर घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाला ते कशावरून कळेल? याचं उत्तर डोळ्यांना दिसणारं किंवा कानांना ऐकू येणारं हवं. ‘मी शांत असेन’ हे चालणार नाही. ‘मुलीचा अभ्यास घेताना आवाज चढला तर मी उठून गॅलरीत जाईन’ हे चालेल.

पानावर पाच विषय आले तर एक निवडा, तोही मधल्या वजनाचा. सासऱ्यांशी वीस वर्षांचा अबोला हा पहिला विषय घेऊ नये, आणि सकाळी लवकर उठणं हा कोचला पैसे देण्याजोगा विषय नाही.

कोच शोधताना

भारतात कोच म्हणून काम करायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. आज कार्ड छापून उद्या कुणीही सुरू करू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तसं इथे काही नाही. त्यामुळे चाळणी तुम्हालाच लावावी लागते.

सगळ्यांत माहितीतलं प्रमाणपत्र इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं. ही संस्था १९९५ पासून आहे. तिच्या तीन पायऱ्या आहेत: एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. कोचच्या नावापुढे ही अक्षरं असतील तर आयसीएफच्या संकेतस्थळावर नाव टाकून खात्री करा. मात्र प्रमाणपत्रावरून प्रशिक्षण कळतं, तुमचं त्या माणसाशी जमेल का ते कळत नाही. ‘सर्टिफाइड लाइफ कोच’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणाकडून, किती तासांचं, असं सरळ विचारा. दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही सर्टिफिकेट मिळतं.

दोघातिघांशी वीस-तीस मिनिटांचं ओळखीचं बोलणं करा. बरेच जण त्याचे पैसे घेत नाहीत. त्यात एकच गोष्ट बारकाईने बघा: बोलतंय कोण? अर्ध्याहून जास्त वेळ कोचच स्वतःची पद्धत आणि स्वतःचे क्लायंट सांगत असेल, तर पुढच्या सेशनमध्येही तेच होणार. आपल्या विषयातला छोटा तुकडा त्यांच्यासमोर ठेवा. चांगला कोच लगेच उपाय सांगत नाही, आणि त्याच्या एखाद्या प्रश्नाने तुम्हाला थांबून विचार करावा लागतो. ‘तुमचं काम तुम्ही कोणाकडून तपासून घेता?’ हेही विचारा. नियमित सुपरव्हिजन घेणारे कोच या प्रश्नाने खूश होतात. बाकीचे विषय बदलतात.

भाषेचं आधीच बोलून घ्या. ऑफिसची भानगड इंग्रजीत झरझर सांगता येते, पण राग, लाज आणि आईवडिलांचा विषय निघाला की बहुतेकांना मराठीच लागते. कोचला मराठी नीट कळत नसेल तर तुम्ही नकळत सोपे, सांगता येण्याजोगेच विषय निवडत राहाल.

लगेच उठून यावं अशी लक्षणं: ‘गॅरंटी’, ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, हॉटेलच्या हॉलमध्ये लेव्हल वन झालं की लगेच लेव्हल टू, तीन ओळखीचे आणले तर तुमची फी माफ, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, घरच्यांशी संबंध तोडा. यातलं शेवटचं एखाद्याच्या बाबतीत खरोखर गरजेचं असेलही, पण तो निर्णय कोचच्या तोंडून यायचा नसतो.

ठराव आणि पैसे

सहा सेशन, प्रत्येकी पन्नास ते साठ मिनिटं, दोन आठवड्यांच्या अंतराने. सुरुवातीला एवढंच ठरवा. साधारण अडीच-तीन महिने जातात. दर आठवड्याला घेतलं तर मधे काही करून बघायलाच वेळ मिळत नाही, महिन्याने घेतलं तर धागा सुटतो. तारखा कॅलेंडर समोर ठेवून लावा. ऑगस्टमध्ये सुरू केलं की गणपती, नवरात्र आणि दिवाळी मधे येतातच, आणि ‘सणानंतर बघू’ म्हटलं की काम तिथेच संपतं.

सगळ्या फीचा एकरकमी चेक देऊ नका. दोन-तीन सेशनचे पैसे आधी, उरलेले तिसऱ्या सेशननंतर आढावा घेऊन झाल्यावर. फीवर १८ टक्के जीएसटी लावला तर बिलावर जीएसटी नंबर हवाच. कोचची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याला तो कर घेता येत नाही. सेशन रद्द करायचं तर २४ तास आधी कळवायचं, ही सर्वसाधारण अट असते. त्यात मुंबईची एक ओळ घालून घ्या: पावसाने गाड्या बंद पडल्या तर तेच सेशन त्याच वेळी ऑनलाइन होईल.

गोपनीयता लेखी हवी, साधा ईमेल पुरतो. काय कोणाला सांगितलं जाणार नाही, कुठल्या परिस्थितीत अपवाद होईल (जिवाला धोका, कोर्टाचा आदेश), टिपणं कुठे राहतील, रेकॉर्डिंग होणार का. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला कायद्याचं जसं संरक्षण असतं, तसं इथे नसतं, हे डोक्यात ठेवूनच बोला. फी कंपनी भरत असेल तर एचआर, कोच आणि तुम्ही असं तिघांचं बोलणं पहिल्या सेशनआधी व्हावं. कंपनीला फक्त हजेरी आणि ठरलेला विषय कळेल, बाकी काही नाही, हे तिघांच्या ईमेलवर आलं पाहिजे. ते येत नसेल तर नोकरी सोडण्याचा विचार त्या खोलीत काढू नका.

बोलायचं कुठे

वन-रूम-किचनमध्ये चार माणसं असताना ऑनलाइन सेशन कुठे करायचं, हा मुंबईतला खरा अडथळा आहे, आणि त्यापायी अर्धी कामं बारगळतात. इअरफोन लावले की कोचचं बोलणं घरच्यांना ऐकू येत नाही, तुमचं येतंच. सोसायटीत उभी असलेली गाडी, संध्याकाळची गच्ची, तासावर मिळणारी को-वर्किंगमधली केबिन हे मार्ग चालतात. ऑफिसची मीटिंग रूम काचेची असते. रडू आलं तर पंचाईत. लोकलमधून फोनवर सेशन घेऊ नये: नेटवर्क तुटतं, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस पुढच्या स्टेशनपर्यंत तुमचा हितचिंतक झालेला असतो.

वेळ शनिवारी सकाळी किंवा आठवड्यात ऑफिसच्या आधी ठेवा. विरारची गर्दी झेलून रात्री साडेनऊला बसलात तर पहिली वीस मिनिटं नुसता थकवा बोलतो. आधी पंधरा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं मोकळी सोडा. नंतरची दहा लिहिण्यासाठी.

सेशनमध्ये

पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी ठरवलेल्या प्रयोगाची, म्हणजे दोन सेशनच्या मधे करून बघायच्या छोट्या कृतीची. पुढची पाच आज काय हवंय ते ठरवण्याची. मग अर्धा तास मूळ विषय, आणि शेवटची दहा मिनिटं पुढचं पाऊल ठरवायला. ही शेवटची दहा हमखास कापली जातात, म्हणून कोचला आधीच सांगा: ‘चाळीस मिनिटं झाली की मला थांबवा.’

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो गोष्ट सांगण्यात. बॉस काय म्हणाला, मग मी काय म्हटलं, मग तो काय म्हणाला. प्रसंग तीन वाक्यांत सांगा आणि थांबा. समजा, डोंबिवलीहून बीकेसीला जाणारी एक टीम लीडर भिडस्तपणाचा विषय घेऊन आली आहे.

‘निघायच्या वेळी सर काम आणून देतात आणि मी घेते.’
‘घेताना काय म्हणता?’
‘देते करून, सर.’
‘तेव्हा हातात आधीचं किती काम असतं?’
‘दोन-तीन गोष्टी असतातच. पण ते समोर आले की मला आठवतच नाहीत.’

कामाचा धागा इथे हाती लागला. नकार द्यायची हिंमत कमी पडतेय असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या क्षणी तिच्यासमोर हिशेबच नसतो. मग प्रयोग ठरतो: पावणेसहाला उरलेल्या कामांची यादी कागदावर लिहून कीबोर्डशेजारी ठेवायची. सर टेबलापाशी आले की आधी कागद बघायचा आणि म्हणायचं, ‘सर, आज हातात ही दोन आहेत. हे घेतलं तर यातलं कुठलं उद्यावर टाकू?’ हे वाक्य सेशनमध्ये तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघायचं. जिभेला सवय नसलेलं वाक्य ऐनवेळी निघत नाही.

कोचचा प्रश्न चुकीच्या जागी गेला तर तसं सांगा. ‘हे माझ्याबाबतीत लागू नाही’ म्हणणं हा उद्धटपणा नाही, आणि भिडस्त माणसासाठी तर तो सरावच आहे.

मधले चौदा दिवस

एका वेळी एक प्रयोग, फार तर दोन. कधी, कुठे, कुठल्या शब्दांत हे ठरलेलं हवं. ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा साच्यात बेत केला तर तो पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. वरचा कागदाचा प्रयोग त्याच साच्यातला आहे.

नोंद त्याच दिवशी, परतीच्या गाडीत उभ्याउभ्या मोबाइलमध्ये: काय झालं, मी काय केलं, अंगात काय जाणवलं. तीन ओळी. जमलं नाही त्या दिवसाची नोंद जास्त कामाची असते, कारण पुढचं सेशन तिथूनच सुरू होतं. आठवड्याच्या शेवटी एकदम लिहायला बसलात तर आठवणी सोयीच्या होतात.

प्रयोग फसतात ते ठरावीक कारणांनी. समोरच्याने अमुक वागावं यावर ते अवलंबून असतात. सर चिडले नाहीत तर यशस्वी, अशी मोजणी करू नका, वाक्य म्हटलं का एवढंच मोजा. किंवा ते सगळ्यांत अवघड माणसापासून सुरू केलेले असतात. किंवा घरात आधीच जाहीर केलेले असतात, मग रोज ‘काय म्हणतो तुझा कोच?’ ऐकावं लागतं. घरच्यांना सेशनची वेळ सांगा, विषय सांगायची गरज नाही.

तिसऱ्या सेशननंतर

पहिलं पान काढा आणि कोचबरोबर वाचा. तुमच्या रोजच्या सहवासातल्या एका माणसाला विचारा, ‘गेल्या महिन्यात माझ्यात काही वेगळं दिसलं का?’ कारण सांगू नका. काहीच दिसलं नसेल तर प्रयोग बदला, विषय बदला, नाहीतर कोच बदला. सेशनची वाट बघताय पण नोंदवही कोरी आहे, फ्लॅट बघायला जाण्याआधीसुद्धा कोचला मेसेज करताय, किंवा काही गोष्टी मुद्दाम लपवताय, तर गाडी रुळावरून घसरली आहे. पुढच्या सेशनची पहिली दहा मिनिटं यावरच बोला. थांबायचं असेल तर न सांगता गायब होऊ नका. एक मेसेज आणि एक शेवटचं अर्धं सेशन पुरतं.

सहावं सेशन झालं की लगेच पुढचं पॅकेज घेऊ नका. सहा आठवडे एकट्याने चालवा, मग एकच सेशन घ्या आणि त्यात या काळातल्या नोंदी घेऊन बसा. जुनी सवय कुठल्या प्रसंगात परत आली ते तिथे स्पष्ट दिसतं. नवा विषय घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरवा, आणि घ्यायचा नसेल तर कोचकडची तुमची टिपणं नष्ट केल्याचा ईमेल मागून घ्या.