फ्लॅजेलाच्या जनुकांवर काम करताय? या चुका टाळा

फ्लॅजेला म्हणजे जीवाणूला पोहवणाऱ्या, फिरणाऱ्या शेपट्या. त्या चालतात का ते सॉफ्ट आगारच्या प्लेटवर बघतात: पातळ जेलीत मध्यभागी जीवाणू टोचायचा, तो जितका पोहेल तितकं त्याचं वर्तुळ मोठं. पुण्यात एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टला जानेवारीत येतात आणि त्यांच्या सॉफ्ट आगारच्या प्लेट्स एप्रिलमध्ये बिघडतात. कारण साधं असतं. जानेवारीत टेबलावर ठेवलेली प्लेट नीट चालली, म्हणून एप्रिलमध्येही ती टेबलावरच ठेवतात. भर दुपारी खोली ३८ अंशांवर जाते, वर पंखा गरगरत असतो, आगार सुकतं. ई. कोलाय हा जीवाणू तापमान वाढलं की फ्लॅजेलाची जनुकं आवरती घेतो. ४२ अंशांवर तर जवळपास बंदच करतो. मी बारा महिने ३० अंशांच्या इनक्युबेटरमध्येच ठेवतो. त्यात जागा नसेल तर प्रयोग दुसऱ्या दिवशी.

आगार ०.२५ ते ०.३ टक्के. प्लेट उलटी करू नका, हलवत नेऊ नका. आणि ‘वाढ चांगली यावी’ म्हणून ग्लुकोज घालू नका. ग्लुकोज मिळालं की पेशीतलं सायक्लिक एएमपी (निरोप पोचवणारा रेणू) उतरतं आणि flhDC हे फ्लॅजेला-जनुकांच्या सगळ्या साखळीचं मुख्य बटणच दबत नाही. वाढ भरघोस येते, पोहणं शून्य.

आता ज्या चुकीने आमचे चार महिने खाल्ले तिच्याबद्दल.

एका विद्यार्थिनीने एक जनुक काढून म्युटंट केला होता. मूळ स्ट्रेनचं (वाणाचं) वर्तुळ भलं मोठं, म्युटंटचं रुपयाएवढंही नाही. ‘सर, हे जनुक पोहायला लागतंच,’ असं ती आनंदाने सांगत आली आणि मीही मान डोलावली. मग तेच जनुक प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या कड्यावर) परत दिलं, तर वर्तुळात काडीचाही फरक नाही. तीन आठवडे आम्ही प्लाझ्मिडला दोष देत बसलो. शेवटी flhD च्या वरच्या भागाचा पीसीआर लावला, म्हणजे तेवढ्या डीएनएच्या प्रती काढून लांबी बघितली. मूळ स्ट्रेनचा बँड म्युटंटपेक्षा पाऊण हजार बेसनी मोठा. तिथे आयएस१ हा ७६८ बेसचा उडता तुकडा येऊन बसला होता. तो तिथे बसला की flhDC जोरात चालतं आणि जीवाणू सुसाट पोहतो. म्युटंट बनवला होता तो दुसरीकडून आलेल्या, तुकडा नसलेल्या नळीत. दोन्ही नळ्यांवर नाव एकच: एमजी१६५५, ई. कोलायचा प्रयोगशाळेतला नेहमीचा स्ट्रेन. जनुकाचा दोष काहीच नव्हता. आम्ही दोन वेगळ्या घराण्यांची तुलना करत होतो.

हा घोळ फक्त आमच्याकडचा नाही. एमजी१६५५ च्या वेगवेगळ्या साठ्यांत हा फरक असल्याचं २००४ मध्येच छापून आलं आहे. आमच्या नळीत तुकडा कसा आला तेही नंतर उलगडलं. कोणीतरी वर्तुळाच्या अगदी कडेवरून ‘छान पोहणारी’ वसाहत उचलून तिचाच ग्लिसरॉल स्टॉक (गोठवलेला साठा) केला होता. सॉफ्ट आगारची कड म्हणजे निवडीची चाळणी आहे. तिथे पोचलेला जीवाणू मूळचाच राहिला असेल, हे गृहीत धरता येत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे म्युटंट आणि त्याचा मूळ स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच वसाहतीपासून साठवले जातात आणि flhD चा पीसीआर झाल्याशिवाय पहिली प्लेट ओतली जात नाही. शेजारच्या लॅबमधून ‘थोडं कल्चर दे ना’ म्हणून आणलेली नळी मी घेत नाही. आपल्या शहरात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून नोंदीसकट स्ट्रेन आणायला वेळ लागतो. लागू दे.

बसिलस सबटिलिस या जीवाणूचंही तसंच. १६८ हा प्रयोगशाळेत मुरलेला स्ट्रेन झुंडीने पसरत नाही, कारण त्याचं swrA जनुक फ्रेमशिफ्टने (वाचनाची चौकट सरकल्याने) मोडलेलं आहे. झुंड बघायची असेल तर प्रयोगशाळेत न मुरलेला ३६१० घ्या.

वर्तुळ लहान दिसलं म्हणजे फ्लॅजेला नाहीत, हा निष्कर्ष तर मला ऐकवत नाही. फ्लॅजेला नसतील, असून फिरत नसतील, किंवा फिरत असूनही पेशीला दिशा बदलता येत नसेल. दिशा बदलायला लागणारं cheY जनुक काढलेला जीवाणू थेंबात झकास पोहतो, पण गिरकी घेता येत नसल्याने आगारच्या जाळीत अडकून पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटं थेंब बघितला की उलगडा होतो. ती दोन मिनिटं वाचवून मुलं दोन महिने घालवतात. बघण्याआधी नळी व्होर्टेक्स करू नका, तंतू तुटतात.

flgE फ्लॅजेलाच्या तळाचा हुक बनवतं, fliC त्याच्या तंतूचं प्रथिन, म्हणजे फ्लॅजेलिन. flgE च्या म्युटंटमध्ये fliC चा आरएनए कमी दिसला म्हणून flgE ला नियंत्रक ठरवू नका. हुक पूर्ण झाल्याशिवाय FlgM हे रोखून धरणारं प्रथिन पेशीबाहेर पडत नाही आणि तोवर शेवटच्या टप्प्याची जनुकं उघडत नाहीत.

जुने पेपर वाचताना नावं तपासा. १९८८ मध्ये ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या फ्लॅजेला-जनुकांची नामावली एक केली गेली. त्याआधीचं hag म्हणजे आजचं fliC.

उत्क्रांतीकडे वळणाऱ्यांची एक आवडती चूक आहे: फक्त फ्लॅजेलिनवरून वंशवृक्ष काढणं. फ्लॅजेलिनची दोन टोकं जपलेली असतात, पण मधला भाग इतका बदलतो की अनुक्रमांच्या जुळवणीलाच अर्थ उरत नाही. मी मधला भाग कापतो आणि फ्लॅजेलाचे भाग पेशीबाहेर पाठवणाऱ्या निर्यात यंत्रणेतली FlhA, FliP यांसारखी प्रथिनं सोबत घेतो. FliI वापरताना मात्र जपून. ते एटीपी सिंथेस या पेशीच्या ऊर्जायंत्राच्या बीटा उपघटकाचं भावंड आहे, त्यामुळे ब्लास्ट या अनुक्रम-शोधाच्या यादीत भलत्याच एटीपीएज प्रथिनांची गर्दी होते आणि घाईतला माणूस तीच झाडात घालतो.

झाड विचित्र आलं की ‘दूषित नमुना’ म्हणून फेकून देणारेही भेटतात. ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जीवाणूचा एक फ्लॅजेला संच त्याच्या अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नातेवाइकांत न बसता गॅमा या वेगळ्या गटात जाऊन बसतो. तो दूषित नाही. तो संच बाहेरून आलेला आहे आणि त्याचा वारशाचा दुसरा संच त्याच जीनोममध्ये आहे. अशी विसंगती दिसली की थांबून आजूबाजूची जनुकं बघावीत, खरा विषय तिथेच असतो. आणि सेमिनारमध्ये अजूनही ऐकू येणारं ‘टाइप थ्री सुईपासून फ्लॅजेला झाला’ हे वाक्य सोडून द्या (सुई म्हणजे जीवाणू दुसऱ्या पेशीत प्रथिनं टोचायला वापरतो ते यंत्र). २०१२ चं जीनोम विश्लेषण उलटी दिशा दाखवतं: फ्लॅजेलापासून सुई. आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांची शेपटी तर या कुळातलीच नाही, ती टाइप फोर पिली या केसांसारख्या तंतूंची नातेवाईक.

शेवटची चूक शनिवार-रविवारची. न पोहणाऱ्या म्युटंटची प्लेट सोमवारपर्यंत तशीच राहते आणि एका बाजूने पिसारा फुटलेला दिसतो. २०१५ मध्ये स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या जीवाणूचं fleQ हे फ्लॅजेलाचं मुख्य बटण काढून त्याला सॉफ्ट आगारवर उपाशी ठेवलं, तेव्हा ९६ तासांत फ्लॅजेला परतले होते. नायट्रोजनचं काम बघणाऱ्या NtrC ने ती जबाबदारी उचलली होती. म्हणून पिसारा दिसला की प्लेट फेकू नका आणि ‘म्युटंट बरा झाला’ म्हणून पुढेही वापरू नका. कडेवरून उचला, नवा नंबर द्या, तारीख घाला, वेगळ्या नळीत ग्लिसरॉलमध्ये ठेवा. मूळ म्युटंटच्या नळीत तो कधीही जाता कामा नये.