पावसाळ्याच्या तोंडावर: चुना तापू द्या, खताचं पाणी निवू द्या

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक, करताना मोरचूद कसा आहे हे सगळे पाहतात, चुन्याची चौकशी कुणी करत नाही. खरं तर चुना आपली परीक्षा आपणच देतो. कळीच्या चुन्याच्या खड्यावर थोडं पाणी शिंपडा. क्षणभर काहीच होत नाही. मग सूं सूं आवाज येतो, खड्याला तडे जातात, वाफ निघते आणि दगडासारखा खडा फुलून पिठासारखा होतो. चुन्याचा पाण्याशी संयोग होताना ही उष्णता बाहेर पडते. जो चुना तापतच नाही, त्याने हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड आधीच शोषलेला असतो. असा शिळा चुना बोर्डोसाठी घेऊ नका.

१ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. १ किलो चांगला चुना १० लिटर पाणी २५ अंशांहून अधिक तापवू शकतो. तोच लिटरभर पाण्यात टाकलात तर पाणी उकळून अंगावर उडेल. म्हणून भांडं मोठं घ्या, खडे थोडे थोडे सोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. चुन्याची ही निवळी पूर्ण गार झाल्यावरच गाळून मोरचुदाच्या द्रावणात मिसळायची. घाईने कोमट निवळी ओतली की साका जाड होतो आणि नोझल तुंबतं. शेवटी लोखंडी पातं बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

चुन्याचं पोतं जमिनीवर, गळक्या छपराखाली ठेवू नका. पाणी लागलं तर चुना फुगून पोतं फाटतं, शेजारी बारदान किंवा वाळका चारा असेल तर ते पेटूही शकतं.

खतांचं नेमकं उलट. युरियाचे दाणे विरघळताना सुटे व्हायला लागणारी उष्णता पाण्याकडूनच घेतात. १० लिटरमध्ये १ किलो युरिया टाकला की पाणी पाचेक अंशांनी उतरतं आणि दमट हवेत बादलीला बाहेरून घाम फुटतो. तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, याहून जास्त गारवा आणतं. त्यात त्याची गोम अशी, की १०० मिली पाण्यात २० अंशांना ते ३१ ग्रॅम विरघळतं, शून्य अंशाला जेमतेम १३. म्हणजे स्वतःच पाणी गार करायचं आणि मग स्वतःच तळाशी बसायचं! तळाला खडे दिसले म्हणून खत भेसळीचं ठरवू नका. थोडं पाणी वाढवा, तासभर थांबा, ढवळा, आणि मगच ठिबकला सोडा.

ठिबक आम्लाने धुणार असाल तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नको. गंधकाम्लात तर पाण्याची धार पडताक्षणी उकळून उसळते.

ओलसर चाऱ्याची गंजी रचली असेल तर आत लोखंडी सळई खुपसून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर गंजी आतून तापली आहे. उकलायलाच हवी, पण आत हवा शिरताच भडका उडू शकतो. पाण्याचा पाइप हाताशी घेऊनच सुरुवात करा.