पीएचडीनंतर कन्सल्टिंगमध्ये जाताय? या चुका टाळा

कन्सल्टिंग फर्म कंपन्यांना धंद्याच्या अडचणींवर सल्ला देतात, आणि मुलाखतीत अशीच एखादी अडचण तोंडी सोडवायला देतात; तिला केस म्हणतात. माझ्या पहिल्या केस इंटरव्ह्यूत मी बारा मिनिटं सलग बोलले. केस साधी होती: एका सिमेंट कंपनीचा नफा दोन वर्षांत घसरलाय, का ते शोधा. मी बाजाराची पार्श्वभूमी सांगितली, पाच शक्यता मांडल्या, प्रत्येकीच्या मर्यादाही सांगितल्या. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दहा मिनिटांत मला यांच्या एमडींना भेटायचंय. त्यांना काय सांगू?" मी म्हणाले, "अजून डेटा लागेल." मुलाखत खरी तिथेच संपली, उरलेला वेळ आम्ही दोघींनी सभ्यपणे काढला.

पाच वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काढली की हे अंगात मुरतंच. थिसिसमध्ये प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष. कन्सल्टिंगमध्ये आधी उत्तर, मग त्याची दोन-तीन कारणं, आणि पुरावा समोरच्याने मागितला की. १९६३ मध्ये मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी ही मांडणी रूढ केली. आज जवळपास प्रत्येक फर्म तशीच बोलते.

सवय मोडायला एक गोष्ट कामाला आली. स्वतःचं प्री-सबमिशन प्रेझेंटेशन उघडा आणि फक्त स्लाइडची शीर्षकं वाचा. माझ्याकडे होतं 'एक्सआरडी पॅटर्न', 'रिसायकलिंग स्टडी', 'निष्कर्ष'. यातून काही कळतं का? 'रिसायकलिंग स्टडी'च्या जागी मी लिहिलं, 'हा कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरूनही टिकतो'. सगळ्या स्लाइड अशा बदलायला एक रविवार गेला, पण त्यानंतर बोलणंच बदललं.

खात्री नसताना उत्तर द्यायचं म्हणजे फेकाफेकी, असं मलाही वाटायचं. पण "मला वाटतं किंमत नाही, वाहतूक खर्च वाढलाय; डेपोवार आकडे वेगळे निघाले तर मत बदलेन" हे गृहीतकच आहे की! ते तर आपण रोज मांडतो. फक्त लॅबमध्ये ते पडताळायला सहा महिने मिळतात आणि इथे सहा मिनिटं.

फ्रेमवर्क, म्हणजे केस सोडवायचे तयार साचे, पाठ करू नका. रट्टा मारलेला पहिल्याच प्रश्नात उघडा पडतो. प्रश्नाचे तुकडे असे पाडायचे की काही दोनदा येऊ नये आणि काही सुटू नये. रिअ‍ॅक्टरचा मास बॅलन्स केलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आत किती आलं, बाहेर किती गेलं, कुठे किती अडकलं. नफ्याची केस याहून वेगळी नसते.

तीन दशांश स्थळांचा मोह

सगळ्यात जास्त सायन्सवाले इथे अडकतात. प्रश्न येतो: पुण्यात रोज किती दूध लागतं? आपण म्हणतो, डेटा नाही. अहो, नाही म्हणूनच विचारलंय! २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांच्या आसपास होतं, आज ४० लाख धरू. घरटी चार माणसं, म्हणजे १० लाख घरं. घरटी एक लिटर, म्हणजे १० लाख लिटर. टपऱ्या, हॉटेलं, मिठाईवाले मिळून आणखी चौथा हिस्सा. एकूण साडेबारा लाख.

इथे थांबू नका. माणशी भागून बघा: साधारण ३१० मिली. देशात २०२२-२३ मध्ये दुधाची माणशी उपलब्धता दिवसाला ४५९ ग्रॅम होती, पण त्यात तूप, पनीर, दुधाची पावडर असं सगळं येतं. म्हणजे आपला आकडा बरा बसतो. ही शेवटची पडताळणी बरेच जण विसरतात. आपल्या रक्तात ती असते, पण ती मोठ्याने करून दाखवावी लागते. आणि शून्यं सांभाळा. एक कोटी म्हणजे दहा मिलियन; इथे घसरलेले हुशार लोक मी पाहिलेत.

बाकीच्या चुका

चार पानी सीव्ही. एकच पान ठेवा. अकरा पेपरची यादी काढून टाका, 'पेपर ११, प्रथम लेखक ४' एवढी ओळ पुरते. 'नॅनोकंपोझिटचं संश्लेषण' याऐवजी काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, किती फरक पडला ते लिहा. बंद पडलेलं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) तुम्ही पदरमोड न करता दुरुस्त करवून घेतलं असेल आणि त्याच्या वेळापत्रकावरून चार ज्युनिअरची भांडणं मिटवली असतील, तर तेही लिहा.

एकट्याने तयारी. केस वाचून येत नाही, पोहण्यासारखंच आहे ते. कुणाला तरी समोर बसवा आणि बोला. मी रूममेटला छळलं, ती बॉटनीची होती, तरी "म्हणजे काय?" विचारायची, तेवढं पुरायचं.

"कन्सल्टिंगच का?" याला "अ‍ॅकॅडमियात जागाच निघत नाहीत" हे उत्तर. खरं असलं तरी देऊ नका.

फक्त मॅकिन्झी, बीसीजी, बेन या तीन बड्या फर्मकडेच अर्ज. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी १९८३ मध्ये काढलेल्या झेडएस या कन्सल्टिंग फर्मचं मोठं ऑफिस पुण्यातच आहे, आणि औषध कंपन्यांचं काम तिथे भरपूर चालतं. जीवशास्त्र आणि केमिस्ट्रीवाल्यांना तिथे परकं वाटणार नाही.

गाडी नेमकी कुठे अडते?

मुलाखतीचा कॉलच येत नसेल तर सीव्ही आणि ओळखी तपासा. संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या सीनिअरना मेसेज करा, लाजू नका. पहिल्या फेरीत बाद होत असाल तर मांडणी किंवा तोंडी गणित कच्चं आहे. शेवटच्या फेरीत बाद झालात तर बहुधा केस नाही, तुमचे अनुभव कोरडे पडतायत: 'आम्ही केलं' खूप आणि 'मी केलं' कमी. नकार आला की फर्म पुन्हा अर्ज करायला बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं थांबायला लावतात, म्हणून तयारी नसताना 'बघू तरी' म्हणून अर्ज टाकू नका.

थिसिस सबमिट करून व्हायवाची (तोंडी परीक्षेची) वाट बघण्यात कित्येक महिने जातात, ते हिशोबात धरूनच रुजू होण्याची तारीख सांगा. गाइडना हे सगळं कधी सांगायचं? मी शेवटचं प्रकरण त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मग सांगितलं. सरांनी चष्मा काढला, प्रकरण उघडलं आणि म्हणाले, "आधी हे संदर्भ नीट कर."