कोकणात कॉलेजच्या नाटकाचं काम धरताय? मग हे वाचून या

घाटावरून इकडे कॉलेजात नाटकाच्या कामाला येणारं कोणी ना कोणी दरवर्षी भेटतंच. कोणी तासिका तत्त्वावर, कोणी युवा महोत्सवाची टीम बसवायला नुसत्या मानधनावर. मी मूळची सोलापूरची, आता रत्नागिरीत चांगली मुरलेय, आणि नवीन आलेली पोरं त्याच त्याच खड्ड्यात पडताना बघून कंटाळा आला म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी पैसे. स्वतःच्या खिशातून एक रुपयासुद्धा घालू नका. पुण्याहून एक मुलगा आला होता, हाताला खरंच कसब होतं त्याच्या. प्रयोग तोंडावर आलेला, सर "घेऊन टाक, बघू नंतर" म्हणाले आणि ह्याने प्लाय, कापड, रंग, टेम्पोभाडं सगळं स्वतः भरलं. बिलं कसली, तर दुकानदाराने वहीचं पान फाडून दिलेल्या चिठ्ठ्या, त्याही ह्याच्याच नावाच्या. ऑफिसने विचारलं मंजुरी कुठाय, कोटेशन कुठायत. तेवढ्यात मार्च उलटला, नवीन वर्षात जुना खर्च कोण घालणार, शेवटी पोरगं पैसे सोडून निघून गेलं. ऑफिसवाले वाईट नसतात हो, पण ऑडिट त्यांना द्यायचं असतं. म्हणून आधी अर्ज, त्यावर प्राचार्यांची सही, आवक नंबर, मग खरेदी. बिल पक्कं, कॉलेजच्या नावाचं, आणि 31 मार्चच्या बरंच आधी टेबलावर. तोंडी "हो" वर खिळासुद्धा आणायचा नाही.

आता पाऊस. सोलापूरला आम्ही जूनमध्ये लावलेला फ्लॅट (सेटची भिंत म्हणून उभी करतात ती चौकट) दिवाळीलाही तसाच ताठ असायचा, इथे तसलं काही मनात धरू नका. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि युवा महोत्सवाची तयारी नेमकी त्याच दिवसांत. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) तर नकोच, कडा फुगून पावासारख्या होतात. सरसाने चिकटवलेलं कापड दमट हवेत सुटतं. डिस्टेंपर रात्री मारला की सकाळी हाताला लागतो, त्यामुळे रंगकामाला चार दिवस जास्तीचे धरा आणि फ्लॅट एकमेकांना टेकवून ठेवू नका, चिकटतात. बांबू, सुंभ, गोणपाट, जुनी जाळी ह्यात डोकं चालवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाडा बंदराच्या बाजूला जाळ्यांची दुरुस्ती चालू असते, फाटकी जाळी तिथे मागून बघा. मागून लाईट टाकला की काय दिसतं ते! आणि बॅकस्टेजला बंदराकडचा एखादा मुलगा असेल तर दोऱ्या त्याच्याकडेच द्या. आमच्याकडच्या एकाने पडद्याच्या पाईपला दोन वेढे घालून अशी गाठ मारली की अख्खा प्रयोगभर तसूभर हलली नाही, आणि काढताना एक टोक ओढलं की मोकळी. आम्ही शिकलेली माणसं कात्री शोधत बसतो.

लोखंडाला गंज चढतोच, खारी हवा आहे. क्लॅम्प, बिजागऱ्या वापरल्या की पुसून तेलाचा हात. कपडे घडी करून पेटीत ठेवले की बुरशी आलीच, टांगून ठेवा. स्पिरिट गमने लावलेली मिशी दुसऱ्या प्रवेशात घामाने सुटते, पर्याय तयार ठेवा. आणि सामान तळमजल्यावर तर अजिबातच नको, 22 जुलै 2021 ला चिपळूणला पुराने काय झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही.

लाईटचं थोडक्यात. 1000 वॅटचा पार (स्टेजचा दिवा) म्हणजे साधारण सव्वाचार अँपिअर, 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीन झाले की बास. कॉलेजचे हॉल सभेसाठी बांधलेले असतात, वायरमनला बोलावून लोड विचारल्याशिवाय काही जोडू नका. कोल्हापूरहून लाईट मागवत असाल तर एक दिवस आधीच पोचू देत, आंबा घाटात दरड आली की गाडी तिथेच.

पुण्या-मुंबईचं तालमीचं वेळापत्रक इथे चालत नाही. रात्री नऊपर्यंत तालीम असं जाहीर करून मोकळे होतात लोक, आणि सहाला अर्धी टीम उठते कारण शेवटची एसटी. पहिल्याच दिवशी वहीत प्रत्येकाचं गाव आणि गाडीची वेळ लिहून घ्या. जुलैत भाताच्या लावणीला घरचे बोलावतात, जावंच लागतं. गणपतीत तर नावच काढू नका, शिमग्यातही तेच. "कमिटमेंट नाही पोरांची" म्हणणाऱ्या आपल्या घाटावरच्या मंडळींचा मला मनापासून राग येतो. त्याच्या घरी मुंबईचे चाकरमानी येणार, आरत्या असणार, आणि तो तुमच्या ब्लॉकिंगला, म्हणजे स्टेजवरच्या हालचाली बसवायला, थांबेल?

दुसरं म्हणजे "इथे थिएटर कल्चर नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये काढू नका, कोणी तोंडावर काही बोलणार नाही, पण नंतर सुतारसुद्धा वेळेवर यायचा नाही. ही पोरं लहानपणापासून नमन-खेळे (इथली लोकनाट्यं) बघत आलेली असतात. कुडाळ-वेंगुर्ल्याकडची असतील तर जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत जागून बघितलेला असतो. तिथे लिखित संहिता नाही, एका बाकड्यावर राजसभा उभी राहते, आणि नट संवाद जागेवर रचतो. आपण कार्यशाळा घेऊन इम्प्रोव्हायझेशन शिकवायला जातो! आधी एक रात्र जत्रेत बसा.

स्पर्धेचे नियम स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत एकांकिकेला 30 मिनिटं आणि सेट लावायला-काढायला 10 मिनिटं असतात, त्यामुळे दहा मिनिटांत न बसणारा सेट कागदावरच मारा. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेत काढा.

घर घेताना भिंतीला ओल आहे का ते पावसाळ्यात बघा, मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात. प्रॉपर्टी रूमची (नाटकाच्या सामानाच्या खोलीची) किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा शनिवारी दुपारीच गावी निघतात, तेव्हा रविवारची तालीम असेल तर शुक्रवारीच मागून ठेवा. आणि मामांना चहा पाजलात तर त्याचं बिल तेवढं ऑफिसला नका देऊ.