पंप वाढवलेल्या ट्रकचा क्रँक का तुटतो? या चुका टाळा

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, तुटला की मालक पहिल्यांदा त्याच्या धातूला दोष देतो. धातू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पंप वाढवून (म्हणजे डिझेल जास्त सोडून), टर्बो बदलून नाहीतर चिप लावून ताकद चढवलेली असते, आणि ती झेलणाऱ्या भागांकडे कुणी पाहिलेलं नसतं.

थरथर फक्त सीटवर शोधू नका. केबिनमध्ये जाणवते ती थरथर बहुधा माउंटिंग, क्लच, जॉइंट किंवा एखाद्या इंजेक्टरची असते. क्रँक मोडते ती पिळाची थरथर. टाटाचं जुनं 697 घ्या किंवा कमिन्सचं 6बीटी, सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो. ठरावीक आरपीएमला हे झटके क्रँकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की पीळ वाढतच जातो. ड्रायव्हरला मात्र पत्ता लागत नाही, कारण हे इंजिन मुळातच गुळगुळीत चालतं. डिझेल वाढवलं की झटका मोठा होतो. त्यात गव्हर्नरचं, म्हणजे आरपीएमला मर्यादा घालणाऱ्या भागाचं, सील तोडलं, तर कंपनीने ज्या आरपीएमपर्यंत जाऊच दिलं नव्हतं तिथे इंजिन पोचतं.

हा पीळ जिरवतो तो क्रँकच्या पुढच्या टोकावरचा व्हायब्रेशन डँपर, आणि हेळसांड नेमकी त्याचीच होते. उसाच्या हंगामात एक मालक तुटलेले दोन क्रँक घेऊन आला. दुसरा नवाकोरा होता, त्याच हंगामात गेलेला. दोन्ही फ्लायव्हीलकडच्या बाजूला, कोपऱ्यातल्या गोलाईपासून तिरके, साधारण 45 अंशांत फाटले होते. अशी तिरकी चीर दिसली की पिळाचाच संशय घ्यायचा. डँपर सिलिकॉनचा होता, म्हणजे बंद पत्र्याच्या आत घट्ट सिलिकॉनमध्ये तरंगणारं जड कडं, आणि त्याच्या पत्र्यावर हातोडीचा पोचा. आतल्या कड्याभोवती फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पोचा पडला की कडं अडकतं आणि डँपर नुसतं वजन उरतो. नवा क्रँक टाकताना तोच डँपर परत चढवला होता, कारण "त्याला काय होतंय?" आम्ही डँपर बदलला आणि पंप कंपनी सेटिंगवर आणला. घाटात गाडी मंद झाली म्हणून मालक कुरकुरला, तरी पंप वाढवून दिला नाही. तो क्रँक टिकला.

रबरी डँपर असेल तर मी हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतो. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली की डँपर भंगारात. सिलिकॉनच्याला पोचा किंवा गळती दिसली तरी तेच. पुलर नेहमी हबच्या बोल्टांना लावा, कडेला कधीच नाही.

ग्राइंडिंगची घाई. क्रँक घासून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइज (बारीक) करताना कोपऱ्याची गोलाई गेली, तर चीर तिथूनच सुरू होणार. गोलाई गेजने मोजल्याशिवाय आणि मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने बारीक चिरा शोधणं) केल्याशिवाय मी क्रँक ताब्यात घेत नाही. संध्याकाळपर्यंत गाडी हवी असणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

फ्लायव्हीलचे जुने बोल्ट परत वापरू नका.

मेन बेरिंगचा (क्रँक ज्यात फिरतो त्याचा) एकच शेल, म्हणजे अर्धगोल पत्रा, बदलून भागवू नका.

मिसिंग (कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायला जुन्या पंपावर पाइपचा नट ढिला केला तर चालतं. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर, हे कधीही करू नका. तिथलं डिझेल 1000 बारच्या वरच्या दाबाने कातडीतून आत शिरतं. तिथे स्कॅनर लावूनच एकेक सिलिंडर बंद करा.