प्रायोगिक उपचाराच्या चाचणीत नाव देण्यापूर्वी

मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) किंवा दुसरा एखादा कर्करोग शरीरात पसरल्यावर क्लिनिकल ट्रायलचा विषय निघतो, तेव्हा बहुतेकांना उत्सुकता असते ती नव्या औषधाची. त्याआधी डॉक्टरांना हे विचारावे की, मान्यताप्राप्त उपचारांपैकी कोणते अजून बाकी आहेत आणि चाचणीत गेल्यास त्यांतला एखादा हातचा जाईल का. 2011 मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅब व वेमुराफेनिब या औषधांना आणि 2014 मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब या औषधांना मान्यता मिळाल्यापासून मेलॅनोमाबाबत ‘आता काही उरले नाही’ हे वाक्य पडताळल्याशिवाय मान्य करू नये.

मग कागद जमवावेत. पॅथॉलॉजीचा अहवाल, अलीकडचे स्कॅन आणि बीआरएएफ जनुकाची तपासणी तर हवीच (त्वचेच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये या जनुकात बदल आढळतो), पण प्रत्येक औषधाच्या शेवटच्या डोसची तारीखही लिहून ठेवावी, कारण जुने औषध शरीरातून निघून जाण्यासाठी अनेक चाचण्यांत काही आठवड्यांचे अंतर सक्तीचे असते. मेंदूत पसरलेला व उपचार न झालेला आजार, स्वयंप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणे) किंवा चालू असलेले स्टेरॉइड यांमुळे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तो नकार नियमांचा असतो, त्यात रुग्णाला कोणी कमी लेखलेले नसते.

चाचणीचा टप्पा कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षित मात्रा शोधली जाते. एका प्रचलित पद्धतीत तीन रुग्णांना एक मात्रा देऊन काही आठवडे लक्ष ठेवतात आणि गंभीर त्रास झाला नाही तरच पुढच्या तिघांना वाढीव मात्रा देतात. म्हणजे सुरुवातीच्या गटात गेलेल्याला परिणाम होण्याइतके औषध मिळेलच असे नाही, म्हणून आपला गट कितवा हे स्पष्ट विचारावे. तिसऱ्या टप्प्यात नव्या औषधाचा गट की तुलनेचा गट, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, तिथे निवड आपली नसते.

संमतीपत्र घरी आणून वाचावे आणि वाचताना भेटींच्या तक्त्यापासून सुरुवात करावी, कारण रक्त किती वेळा घेणार, बायोप्सी पुन्हा करणार का, हे तिथेच कळते. तपासण्यांचा खर्च आणि इजा झाल्यास उपचार कोणाकडे, हेही लेखी हवे. मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज 20 टक्के वाढली की आजार वाढल्याची नोंद होते व बहुधा औषध थांबते. इम्युनोथेरपीत (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारात) मात्र क्वचित गाठ आधी फुगून नंतर आटते, तेव्हा दुसऱ्या स्कॅनपर्यंत थांबण्याची मुभा आहे का, ते सहीआधीच विचारावे. चाचणी मध्येच सोडण्याचा हक्क कायम असतो.

सही झाल्यावर चोवीस तास चालणारा संपर्क क्रमांक घरातल्या सर्वांना द्यावा. इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब सुरू झाले, तर ते आतड्याच्या दाहाचे लक्षण असू शकते. घरातली नेहमीची गोळी देऊन सकाळची वाट पाहण्याऐवजी त्याच रात्री फोन करावा.